रेडिओ-संगणक केबलविषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

महोदय,

रेडिओवरचे कार्यक्रम संगणकात ध्वनिमुद्रित करण्यासाठी आपण आमच्याकडून केबल घेतली आणि ‘केबल निकृष्ट आहे, आवाज फाटतो, घरघर येते, वर दुकानदार ग्राहकालाच दोष देतो’ असे लिहून एकच तारा दिला. आपल्या पहिल्या संदेशाला उत्तर द्यायला आम्ही दोन दिवस लावले, ही आमची चूक आहे आणि तिच्याबद्दल मी क्षमा मागतो.

परंतु ‘निकृष्ट’ हा शब्द मला फार लागला. ही केबल म्हणजे दोन्ही टोकांना 3.5 मिमीचे प्लग असलेली साधी वायर आहे. आवाज वाढवणारे काहीही तिच्यात नाही आणि पाठवण्यापूर्वी प्रत्येक केबल मी स्वतः मीटर लावून तपासतो. आपण पाठवलेल्या छायाचित्रात तिचे एक टोक रेडिओच्या हेडफोनच्या सॉकेटमध्ये, तर दुसरे संगणकाच्या गुलाबी, म्हणजे माइकच्या सॉकेटमध्ये होते, आणि रेडिओचा आवाज पूर्ण वाढवलेला होता असे आपणच सांगितलेत. माइकचा संकेत जेमतेम काही मिलिव्होल्टचा असल्यामुळे संगणक तो बराच वाढवून घेतो. तिथे हेडफोनचा कितीतरी पट मोठा संकेत दिला, तर कितीही महागडी केबल असली तरी रेकॉर्डिंग फाटणारच. शेजारच्या निळ्या लाइन-इन सॉकेटमध्ये, म्हणजे रेडिओसारख्या उपकरणाचा मोठा संकेत घेणाऱ्या सॉकेटमध्ये, प्लग लावून रेडिओचा आवाज निम्म्याहून कमी ठेवावा, अशी विनंती मी फोनवर केली होती. त्यात आपल्याला दोष देण्याचा हेतू नव्हता.

घरघरीचेही तसेच. अडॅप्टर काढून रेडिओ सेलवर चालवताच ती थांबली, म्हणजे ती केबलमुळे नव्हे तर अडॅप्टरमुळे येत होती; ती थांबल्याचे आपण त्याच फोनवर मान्य केले होते. अभिप्रायात मात्र त्याचा उल्लेख नाही, आणि तो वाचून आमच्या दोन ग्राहकांनी मागणी रद्द केली आहे. दुकान लहान आहे, त्यामुळे असा एक अभिप्रायही आम्हाला जड जातो.

केबल कोणत्या सॉकेटमध्ये लावायची हे पाकिटावर छापलेले नव्हते, ही उणीव मात्र आमची आहे. तशी सूचना लवकरच घालू. आपल्याला अडॅप्टरवरच रेडिओ चालवायचा असेल, तर रेडिओ आणि संगणक यांच्या मध्ये जोडायचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (आवाजाचा संकेत पुढे जाऊ देऊन अशी घरघर अडवणारा भाग) मी वापरून पाहण्यासाठी विनामूल्य पाठवतो. त्यानंतरही घरघर राहिली, तर केबलचे पूर्ण पैसे परत करीन.

आपला,
दुकानमालक