लोको फेल

न्यू जर्सीतल्या मराठी घरांच्या तळघरात साधारणपणे गणपतीची आरास, रिकाम्या सुटकेसा आणि कॉस्टकोतून आणलेली तांदळाची पोती असतात. आमच्या तळघरात सत्तावीस डिझेल इंजिनं आहेत. त्यांतली चालतात किती, हे पाहुण्यांनी विचारू नये.

इंजिनं मॉडेल रेल्वेची, एचओ मापाची. म्हणजे खऱ्या इंजिनाच्या एका फुटाला साडेतीन मिलिमीटर, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. हे सांगायला लागलो की पाहुणे चहाच्या कपात बघायला लागतात. हल्ली चिप बसवलेली, खऱ्यासारखा भोंगा वाजवणारी इंजिनं मिळतात, पण माझा जीव १९५०-६० च्या मालावर. नवं इंजिन कळ दाबली की चालतं. मग रविवारभर करायचं काय?

हा जुना माल चर्चच्या नाहीतर अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये भरणाऱ्या बाजारात मिळतो. विकणारे बहुतेक सत्तरीपुढचे आणि सगळ्यांचं वाक्य एकच : "शेवटचं चालवलं तेव्हा मस्त चालत होतं." शेवटचं कधी चालवलं, हे विचारायची पद्धत नाही. मी एकदा विचारलं. गृहस्थांनी डोळे मिटून आठवलं आणि म्हणाले, "निक्सन होता तेव्हा."

तरी घेतलं. एफ-७ होतं हो! जनरल मोटर्सने १९४९ ते ५३ या काळात बनवलेल्या, दीड हजार हॉर्सपॉवरच्या इंजिनाची प्रतिकृती, सांता फे रेल्वेच्या रंगात. लाल नाक, चंदेरी अंग, मध्ये पिवळी रेघ. पंचवीस डॉलर पडले. हिला दहा सांगितले. (आमच्या घरात हा विनिमय दर बरीच वर्षं स्थिर आहे.)

घरी येऊन वरचं टप काढलं, तर आत गिअरच नाहीत. रबरबँड! त्या काळच्या काही स्वस्त मॉडेलांत मोटरच्या दांड्यावरून थेट चाकांच्या आसावर रबर चढवलेलं असे. निक्सनच्या वेळचं ते रबर आता चिक्कीच्या पाकासारखं आसाला चिकटून बसलं होतं.

नेमके तेव्हा बाबा आलेले. बाबा म्हणजे पुण्यातल्या घोरपडीच्या डिझेल शेडमधले फिटर, एकतीस वर्षं. डब्ल्यूडीएम-२ हे २६०० हॉर्सपॉवरचं, ११२ टनांचं धूड त्यांनी किती वेळा खोललं असेल त्याची गणती नाही. त्या इंजिनाचं माहेरही अमेरिकाच. १९६२ मध्ये पहिली अल्को कंपनीकडून आली, १९६४ पासून बनारसला बनू लागली. तर अशा माणसापुढे मी चिमट्याने रबराचे तुकडे उपटत बसलो होतो.

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "आसावरची ट्रॅक्शन मोटर कुठाय?"

"नाहीये. रबर आहे."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. माझ्या शिक्षणावर झालेला खर्च आठवत असावेत. मग उठून वर गेले आणि हिने ओट्यावर ठेवलेल्या पातीच्या कांद्याच्या जुडीचं रबर काढून घेऊन आले.

"सूनबाईला सांगितलंय, आज पीठ पेरून भाजी कर."

रबर चढलं. जुने पितळी रूळ काळवंडले होते, ते बाबांनी नातवाच्या खोडरबराने घासले. मी रुळांना वीज देणाऱ्या पॉवरपॅकचा खटका जेमतेम हलवला. अशा इंजिनात वेग उतरवायला गिअर नसल्यामुळे हळू सुटणं हा प्रकारच नसतो. एफ-७ उधळलेल्या गोऱ्ह्यासारखं सुटलं, वळणावर वळलं नाही आणि तांदळाच्या पोत्यावर जाऊन आपटलं.

"नॉच किती दिला होतास?" (नॉच म्हणजे खऱ्या इंजिनात जोर वाढवायची एकेक पायरी.)

"पहिलाच, बाबा."

"हं. लाइट इंजिन आहे म्हणून, मागे डबेच नाहीत. लोड लाव."

लोड लावायला गेलो तर इंजिनाचा डबा जोडायचा कपलर जुना, प्लास्टिकच्या आकड्याचा, आणि माझे डबे नव्या, धातूच्या पंजाच्या कपलरचे. दोघांचं कुळ-गोत्र जमेना. शेवटी बाबांनी पहिला डबा शिवणाच्या दोऱ्याने बांधला. घोरपडीत असं केलं असतं तर मेमो मिळाला असता, हेही त्यांनीच सांगितलं.

त्यानंतर दीड महिना रोज ट्रायल. भाजीचं रबर दोन-तीन दिवसांत तुटायचं, की नवी जुडी. पीठ पेरून झालं, थालीपीठ झालं, भजी झाली. मुलगा शाळेच्या डब्यात पास्ता मागू लागला. योग्य मापाचं रबर आठ डॉलरला पाकीटभर मिळतं, हे मी सुचवून पाहिलं. बाबा म्हणाले, "आठ डॉलर म्हणजे किती?" मी त्यांना रुपये सांगितले नसते तर बरं झालं असतं.

बाबा परत गेल्यावर पोत्यामागे त्यांची छोटी वही सापडली. रोजची तारीख, वेळ आणि शेडच्या वळणदार अक्षरात नोंद. शेवटची अशी : "लोको फेल. कारण : पातीचा कांदा संपला."