सोमवारी न येणारा खोकला

आमचा पूल सोमवारी बंद असतो. पूलवर जो मुलगा आहे (जीवरक्षक तोच, पावडर मारणारा तोच, फरशी घासणाराही तोच) तो गेल्या पावसापासून खोकतोय. आधी मला वाटलं, पावसाळाच आहे, सर्दी असेल. आल्याचा काढा घ्यायला सांगितला. निवृत्त शिक्षिका मी, फुकट सल्ले द्यायची खोड काही जात नाही. महिन्याभरानं पुन्हा विचारलं तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला, "बाई, सोमारा खोंकली येना."

सोमवारी येत नाही. मंगळवारी दुपारपर्यंत परत हजर.

घरी येईपर्यंत हे वाक्य डोक्यातून गेलं नाही. एकतीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं, क्लोरीन आणि अमोनिया फळ्यावर कितीदा लिहिलं असेल देव जाणे, आणि दोन वर्षं त्याच हवेत पोहत असताना माझ्या ध्यानात आलं नाही.

पूल गोव्यात, पर्वरीच्या पठारावर आहे, एका मोठ्या संकुलाच्या क्लबात. नाव घेत नाही, कारण घेतलं तर सगळे त्याच्याच मागे लागतील आणि बाकीचे सुटतील. बंदिस्त, तिन्ही बाजूंना काच, वर फॉल्स सीलिंग. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितलं म्हणून जाते. दार उघडलं की नाकात जाणारा तो वास मला आवडायचा. शेजारणीला मीच सांगितलं होतं, "वास येतो ना, म्हणजे पाणी स्वच्छ ठेवतात."

साफ चूक. पाण्यात हवा तेवढा, म्हणजे एक ते तीन पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत एक ते तीन भाग) मोकळा, घाणीशी अजून न जोडलेला क्लोरीन असेल आणि पाणी खरंच स्वच्छ असेल, तर वास जेमतेमच येतो. आपण ज्याला क्लोरीनचा वास म्हणतो तो बहुतेक क्लोरामाइनांचा. घाम, लघवी, अंगाला लावलेली क्रीमं यांतल्या युरियाशी आणि इतर नत्रयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग झाला की ती तयार होतात. त्यातलं ट्रायक्लोरामाइन तर पाण्यात टिकतच नाही, हवेत येतं. आणि सगळ्यात जास्त कुठे असतं, तर पाण्याच्या अगदी वर, जिथे पोहणारा तोंड बाहेर काढून श्वास ओढतो तिथेच. डोळे लाल होणं, घसा खवखवणं, कपडे बदलायच्या खोलीत लागणारा ठसका, हे बरंचसं त्याचंच काम.

म्हणजे वास येतो तो आपल्याच घाणीचा, क्लोरीनशी लागलेला. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक भन्नाट युक्ती केली. शीतपेयांतला एक कृत्रिम गोडवा शरीरात न पचता लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. पूलच्या पाण्यात तो किती सापडतो यावरून त्यांनी हिशेब मांडला, तर सुमारे ८ लाख ३० हजार लिटरच्या एका तलावात अंदाजे ७५ लिटर लघवी निघाली. आमच्या पूलवरच्या एका आईनं परवा लेकराकडे बघत हसून म्हटलं होतं, "पाण्यात काय कळतंय?" कळतं हो. नाकाला कळतं.

यावर आपल्याकडे बोललं का जात नाही, त्याचंही कारण आहे. आम्ही डिचोलीची माणसं पोहायला शिकलो ती कमरेला दोन असोले नारळ बांधून, नदीत. पाणी काही फार शुद्ध नव्हतं, वरच्या अंगाला म्हशी डुंबत होत्या. पण डोक्यावर आभाळ होतं. हॉटेलांचे पूलसुद्धा बहुतेक उघड्यावर. वाऱ्याबरोबर सगळं निघून जातं. बंदिस्त पूल हा गोव्यात तसा नवा प्रकार, जिम आणि संकुलांबरोबर आलेला. आणि त्याला गर्दी नेमकी कधी? जून ते सप्टेंबर. समुद्रात उतरायचं नाही, नदीला पूर, उघडे पूल पावसानं बेकार. मग सगळे आत. आणि पावसाचे सपके येतात म्हणून काचा बंद. विजेचं बिल वाढतं म्हणून एक्झॉस्ट बंद. जास्तीत जास्त माणसं, कमीत कमी हवा. एसी चालू असला तरी तो आतलीच हवा फिरवत बसतो. बाहेरची ताजी हवा आत येणं आणि ही बाहेर जाणं, हे झाल्याशिवाय काही उपयोग नाही.

आमचा एक्झॉस्ट तर गंजून जॅम झालेला. जाळीला हात लावला तर तपकिरी पापुद्रे हातात येतात. शिडीच्या स्टीलवरसुद्धा चहाच्या रंगाचे ठिपके. मॅनेजर म्हणतो, "समुद्राची हवा, बाई." गोव्यात कुठलीही वस्तू गंजली की समुद्राच्या नावावर खपवायची! समोरच्या इमारतीच्या गेटला गंज नाही आणि याच्या आत बसवलेल्या पंख्याला आहे, हा समुद्र बरा निवडून निवडून येतो. स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावाला कुठला समुद्र? तिथे १९८५ च्या मे महिन्यात बंदिस्त पूलचं काँक्रीटचं छत खाली आलं आणि १२ माणसं गेली. छत ज्या स्टेनलेस स्टीलच्या सळयांनी टांगलं होतं त्या पूलच्या हवेतल्या क्लोराइडनं तडकल्या होत्या. आमचं छत पडेल असं म्हणत नाही मी. पण स्टीलला सोसत नाही ती हवा छातीला सोसते, हे कुठल्या हिशेबात बसतं?

गंमत पुढे आहे. वास फार येतो म्हणून सभासदांनी तक्रार केली की मॅनेजर सांगतो, क्लोरीन कमी मार. (तक्रार करणाऱ्यांत एकदा मीही होते.) कमी मारला की मोकळा क्लोरीन घाणीत बांधला जाऊन संपतो, क्लोरामाइनं तशीच राहतात, आणि वास वाढतो. उपाय उलटा. रात्री पूल रिकामा असताना जोरदार डोस देऊन ती फोडावी लागतात, थोडं पाणी बदलावं लागतं, आणि तेव्हा खिडक्या सताड उघड्या हव्यात. पण हे कळायला आधी मोजायला तर हवं. पंपरूममध्ये मी स्वतः जाऊन पाहिलं. टेस्ट किट आहे, पिवळा रंग दाखवणारं. ते एकूण क्लोरीन दाखवतं. त्यातला मोकळा किती आणि बांधलेला, म्हणजे क्लोरामाइनांत अडकलेला, किती हे सांगत नाही. ते गुलाबी रंगाच्या डीपीडी किटमध्ये कळतं. बांधलेला ०.४ पीपीएमच्या वर जाऊ देऊ नये असं अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी सांगते. आमच्याकडे पिवळं झालं की झालं. आणि तिथेच, एकाच कोपऱ्यात, ब्लीचिंग पावडरचं पिंप आणि त्याला टेकून टाइल्स धुवायच्या ॲसिडचा कॅन. या दोघांची गाठ पडली तर थेट क्लोरीन वायू. मी तिथेच ओरडले. पोरगा घाबरून कॅन उचलायला गेला, त्याला म्हटलं, तुला नाही रे ओरडत.

आता माझा मुद्दा. मी आठवड्यातून तीनदा पाऊण तास त्या हवेत असते. तो आठवड्याचे सहा दिवस, रोज नऊ तास. पैसे मी देते म्हणून माझी तक्रार ऐकली जाते, आणि छाती त्याची जाते. इंग्लंडमध्ये २००२ साली बंदिस्त पूलवर काम करणाऱ्या तिघांना, जीवरक्षक आणि पोहायला शिकवणाऱ्यांना, क्लोरामाइनांमुळे दमा झाल्याचं डॉक्टरांनी सिद्ध करून छापलं. अमेरिकेत कोलोरॅडोत धबधबे आणि फवारे असलेल्या एका बंदिस्त पूलवर एवढे जीवरक्षक फुफ्फुसाच्या सुजेनं आजारी पडले की त्याला 'लाइफगार्ड लंग' असंच नाव पडलं. तिथे कारण वेगळं होतं, फवाऱ्याच्या तुषारांतले जिवाणूंचे अवशेष. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये हवेतल्या ट्रायक्लोरामाइनसाठी घनमीटरला ०.५ मिलिग्रॅम अशी तात्पुरती मर्यादा सुचवली. आमच्या मॅनेजरला विचारलं, हवा कधी तपासलीत? तो म्हणाला, "पाणी तपासतो की."

हे वाचून नातवंडांना पोहायला पाठवायचं बंद करू नका, हात जोडते. बेल्जियमचे संशोधक आल्फ्रेड बर्नार्ड यांनी २००३ मध्ये बंदिस्त पूल आणि मुलांचा दमा यांचा संबंध मांडला तेव्हा युरोपात बरीच खळबळ झाली. नंतर इंग्लंडच्या ब्रिस्टल भागातल्या हजारो मुलांच्या अभ्यासात तसा धोका दिसला नाही, उलट पोहणाऱ्यांची फुफ्फुसं चांगली निघाली. माझं मत विचाराल तर मूल पोहायलाच हवं. फक्त पूलमध्ये शिरल्या शिरल्या डोळे झोंबत असतील तर त्या दिवशी परत फिरा, आणि का फिरलो ते काउंटरवर सांगून या.

आणि शॉवर! "आम्ही घरून आंघोळ करूनच येतो." मे महिन्यात स्कूटरवरून घाम गाळत येणारी माणसं हे म्हणतात. खोबरेल तेल चोपडलेल्या वेण्या घेऊन टोपीशिवाय उतरणाऱ्या माझ्या मैत्रिणीही. एक मिनिट नुसत्या पाण्याखाली उभं राहिलं तरी बरंच काही निघून जातं. लेकरांना उतरायच्या आधी आणि मग तासातासानं बाथरूमला न्या. एवढं केलं तरी त्या पोराच्या छातीवरचा भार हलका होईल.

गेल्या महिन्यात आम्ही सातजणींनी मिळून अर्ज दिला. पंखा बदलला. काचा मात्र अजून आम्हीच उघडतो, मग फरशी भिजते, मग मॅनेजर तोंड वाकडं करतो आणि पोछा मारायला पुन्हा तोच पोरगा. हे काही मला नीट सोडवता आलेलं नाही.

त्याला मी मागे लागून छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी फुंकर मोजायची एक नळी दिलीय, दिवसातून चार वेळा जोरात फुंकायचं आणि आकडा लिहायचा, कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्याही. शाळेच्या चौकटीच्या वहीत लिहितो. मी पाहिली, अक्षर सुरेख आहे. सोमवारचे आकडे वर, शनिवारचे खाली, आलेख न काढताच दिसतं. डॉक्टर म्हणाले, एक सलग मोठी सुट्टी मिळाली तर पक्कं कळेल. चवथीला पाच दिवस गावी जातोय. वही पिशवीत आधीच टाकलीय म्हणाला.