१२७ युद्धकलांचा बॅटमॅन आणि एका डावाचा पैलवान

या उन्हाळ्यात चाळीसगाव-पाचोरा भागातल्या आमच्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरला. वर बॅटमॅनचं चित्र आणि खाली मजकूर. बॅटमॅनला १२७ युद्धकला येतात, म्हणून त्याच्यापुढे टिकेल असा लढवय्या कॉमिक्समध्ये नाही. ज्यांच्याकडे महाशक्ती आहे त्यांना युद्धकलेची गरजच नसते. बायका या गोष्टींत शोभेपुरत्या असतात. भारतीय कॉमिक्समध्ये मेहनतीने तयार झालेला एकही नायक नाही, सगळे वरदानवाले. आणि शेवटी पालकांना सल्ला : मुलांना एकाच कलेत अडकवू नका, जितक्या जास्त तितकं चांगलं.

हा शेवटचा सल्ला नसता तर मी गप्प बसलो असतो. पण हाच मजकूर एका उन्हाळी शिबिराच्या पत्रकावर छापून आला, चाळीस दिवसांत सात कला शिकवण्याच्या हमीसकट. माझा अकरा वर्षांचा भाचा आठ महिने पहाटे पाचला उठून तालमीत जात होता. तो म्हणाला, "मामा, कुस्ती म्हणजे तर एकच कला झाली." मी लहानपणापासून आखाड्याच्या मातीत आणि कॉमिक्सच्या पानांत सारखाच रमलेला माणूस. म्हणून उत्तर देतो, तेही कॉमिक्समधूनच.

आधी त्या १२७ चा हिशोब. बॅटमॅन १९३९ साली बॉब केन आणि बिल फिंगर यांनी जन्माला घातला. त्याच्या उमेदवारीची सगळ्यात गाजलेली कथा १९८७ ची, फ्रँक मिलरने लिहिलेली आणि डेव्हिड मॅझुकेलीने चितारलेली 'बॅटमॅन : इयर वन'. त्यात ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्याआधीचा बॅटमॅन, बारा वर्षं परदेशात काढून पंचविसाव्या वर्षी गावी परततो. बारा वर्षांचे दिवस होतात ४३८०. त्यांना १२७ ने भागा, एका कलेच्या वाट्याला साडेचौतीस दिवस येतात. त्यातच प्रवास, दुखापती, शिवाय गुन्ह्याचा तपास, रसायनं, वेषांतर, बाकी सगळं शिक्षण. आमच्या तालमीत साडेचौतीस दिवसांत पोरगं धड पडायला शिकतं. मान आत घेऊन, हात न मोडता पडायला. डाव त्याच्या पुढे सुरू होतात.

त्याच कथेत पुढे काय होतं, हे मेसेज लिहिणाऱ्याने वाचलेलं दिसत नाही. बारा वर्षांची तयारी घेऊन ब्रूस वेश बदलून गॉथम या आपल्या शहराच्या बदनाम वस्तीत पहिल्यांदा उतरतो. एका दलालाशी जुंपते, गर्दी अंगावर येते, एक लहान मुलगी त्याच्या मांडीत चाकू खुपसते आणि वर पोलिसांची गोळी लागते. रक्ताने माखलेला तो कसाबसा घरी पोहोचतो. अंगात विद्या होती, पण ती कधी, कुठे आणि कोणासमोर काढायची हे अजून मुरलं नव्हतं. समोरच्याच्या मनात धाक बसवल्याशिवाय आपलं काही चालणार नाही, हे त्याला त्या रात्री कळतं आणि तिथून बॅटमॅन सुरू होतो. म्हणजे त्याच्या जन्मकथेतच पहिली लढाई पराभवाची आहे, आणि मला ती त्याच्या सगळ्या विजयांपेक्षा मोलाची वाटते.

"त्याच्यापुढे टिकेल असा कोणी नाही" हे तर सरळ चूक आहे. १९९३ मध्ये बेन नावाच्या खलनायकाने त्याचा कणा मोडला. आधी गॉथमच्या वेड्या गुन्हेगारांच्या कोठडीतल्या कैद्यांना मोकाट सोडून, त्यांच्यामागे धावायला लावून त्याला थकवलं आणि मग घरात घुसून गाठलं. कुस्ती लावणारा कोणीही हे ओळखेल : आधी दम काढायचा, मग हात घालायचा. पुढे पाठ बरी झाल्यावर हरवलेली लढाई परत शिकायला बॅटमॅन गेला लेडी शिवाकडे. ती एक मारेकरी बाई आहे, १९७० च्या दशकात डेनिस ओ'नील आणि रिक एस्ट्राडा यांनी निर्माण केलेली, आणि त्या कॉमिक्सविश्वात हातांनी लढणाऱ्यांत तिचं नाव सगळ्यात वर घेतात. जो सर्वश्रेष्ठ आहे तो कोणाच्या दारी शिकायला कशाला जाईल? आणि बायका शोभेपुरत्या असतात म्हणणाऱ्याने हेही बघावं की बॅटमॅन ज्या दारी गेला ते दार एका बाईचं होतं.

बायकांच्या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण युद्धकलेवरची मला माहीत असलेली सगळ्यात खोल गोष्ट एका मुलीची आहे. कॅसांड्रा केन, १९९९ साली केली पकेट आणि डेमियन स्कॉट यांनी आणलेली. तिचा बाप डेव्हिड केन हा भाडोत्री मारेकरी. त्याने तिला जन्मापासून एक शब्द शिकवला नाही, बोलणं ऐकूही दिलं नाही. तिची भाषा एकच, माणसाचं शरीर. समोरच्याचा खांदा किती उचलला, भार कोणत्या टाचेवर आहे, श्वास कुठे अडला, यावरून पुढची हालचाल ती आधीच वाचते. पुढे ती बॅटगर्ल होते. मग एक जण आपल्या मनःशक्तीने तिच्या डोक्यात शब्द जागे करतो. तिला बोलता येऊ लागतं, आणि त्याच क्षणी शरीर वाचण्याची ताकद जाते. काल जिच्या अंगाला कोणी हात लावू शकत नव्हतं ती साध्या गुंडांचा मार खाते. लेडी शिवा तिला ती विद्या परत देते, पण अट घालते की वर्षभराने दोघींनी मरेपर्यंत लढायचं. ती झुंज २००२ मध्ये झाली आणि शेवटी जिंकली कॅसांड्रा.

या पोरीने १२७ नावांची यादी पाठ केली नव्हती. तिच्याकडे एकच गोष्ट होती आणि ती हाडापर्यंत गेलेली होती. आमच्या आखाड्यात खडाखडीच्या, म्हणजे डाव टाकण्याआधी एकमेकांना अजमावण्याच्या वेळी वस्ताद हेच सांगतात : त्याच्या डोळ्यांकडे बघू नको, हातांकडे तर नकोच, कंबर बघ. डोळा फसवतो, हात फसवतो, कंबरेला फसवता येत नाही. लेखक आणि चित्रकार अमेरिकेत बसलेले, पण त्यांनी जे पकडलं ते इथल्या मातीत उभ्या राहणाऱ्या कोणालाही पटेल.

आता महाशक्तीचा दावा. १९७८ मध्ये सुपरमॅन आणि मुहम्मद अली यांची लढत असलेलं एक मोठं कॉमिक निघालं होतं, चित्रं नील अ‍ॅडम्सची. लाल सूर्याच्या प्रकाशात सुपरमॅनची शक्ती जाते, म्हणून अली आधी त्याला बॉक्सिंग शिकवतो आणि मग दोघे त्याच प्रकाशात रिंगणात उतरतात. शक्ती नसलेल्या सुपरमॅनला अली अक्षरशः झोडपून काढतो. स्पायडरमॅनचंही तेच. २०११ मध्ये त्याची धोका आधी ओळखणारी जाणीव गेली, तेव्हा तो शांग-ची या कुंग फूत मुरलेल्या नायकाकडे शिकायला गेला, आणि शांग-चीने त्याच्या अंगाला, त्याच्या उड्यांना शोभेल अशी पद्धत त्याच्यासाठी बसवली. शक्ती कधीही जाऊ शकते, हे कॉमिक्सच्या लेखकांना वाचकांपेक्षा आधी कळलेलं आहे.

भारतीय कॉमिक्सबद्दलचं विधान वाचून वाईट वाटलं, कारण माझं बालपण त्याच पुस्तकांवर गेलं. बसस्टँडवरच्या दुकानातून भाड्याने आणायची आणि दुसऱ्या दिवशी परत करायची. अनुपम सिन्हांचा सुपर कमांडो ध्रुव १९८७ पासूनचा. तो सर्कशीत वाढलेला मुलगा आहे. झुल्यावरचा तोल, उडी, मोटरसायकल, जनावरांची समज आणि डोकं, एवढ्यावर तो लढतो. वरदान कसलंही नाही. डोगा तर मुंबईचा, व्यायामशाळेत घडलेला. त्याला घडवणारे चार चाचे : अदरक, हल्दी, धनिया आणि कालीमिर्च. प्रत्येकाने आपापली विद्या दिली आणि घाम गाळून घेतली. नागराजकडे शक्ती आहेत हे खरं, पण एका नागराजवरून सगळ्यांना वरदानवाले ठरवणं म्हणजे न वाचताच निकाल देणं.

एका बाबतीत मात्र मेसेजमागची खंत मलाही मान्य आहे. आपल्या मातीतली कुस्ती, मल्लखांब, लाठी या कॉमिक्समध्ये फार थोड्या दिसतात. त्याचं कारण बाजारात आहे. १९७३ च्या सुमारास ब्रूस ली आणि कुंग फूच्या सिनेमांनी अमेरिका भारावून गेली, आणि मार्व्हल या कॉमिक्स कंपनीने डिसेंबर १९७३ मध्ये शांग-ची, मे १९७४ मध्ये आयर्न फिस्ट हे कुंग फूवाले नायक बाजारात आणले. जे पडद्यावर चाललं ते पानावर आलं. कुस्तीला तशी लाट मिळाली नाही, तिच्यात काही कमी होतं म्हणून नव्हे.

राहिला पालकांना दिलेला सल्ला. दुसरी कला शिकू नये असं मी म्हणत नाही. बॅटमॅनही टेड ग्रांट नावाच्या मुष्टियोद्ध्याकडे बॉक्सिंग शिकला, आणि त्याचा त्याला उपयोग झाला. पण आधी एक पाया लागतो. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरीने २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी जिंकला. गावोगावच्या जत्रांत त्याचं नाव निघतं तेव्हा त्याला किती कला येतात असं कोणी विचारत नाही. चाळीस दिवसांत सात कला म्हणजे एकीला सहा दिवसही येत नाहीत. त्यात मूल फक्त नावं आणि पवित्रे शिकतं, आणि खरा प्रसंग आला तर त्या भरवशावर मार खातं. मला भीती आहे ती याची.

भाच्याला मी कॅसांड्राची गोष्ट सांगितली, ध्रुवचे जुने अंक काढून दिले आणि वस्तादांकडे घेऊन गेलो. त्यांनी बॅटमॅनचं नावही ऐकलेलं नव्हतं. पोराचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एकच डाव कर, पन तो तुना व्हवाले पाहिजे." म्हणजे तो तुझा स्वतःचा व्हायला हवा. मग त्याला मातीत उभं करून एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून पाडण्याचा डाव, काढायला लावला. त्या सकाळी त्याने तो चाळीस वेळा काढला, आणि वस्तादांना त्यातला एकच पसंत पडला.