पोलिसांचाही मायकल, पोलिसांपासून वाचवणाराही मायकल

पंखवाला गोरा तरुण, अंगात रोमन शिपायाचं चिलखत, हातात तलवार, पायाखाली सैतान. सेंट मायकल या देवदूतांच्या सेनापतीचं हे रूप मुंबईकरांना तरी नवं नाही. (माहीमला त्याच्या नावाचं चर्च आहे. बुधवारी तिथे लोटणारी गर्दी मात्र मेरीच्या नोव्हेना प्रार्थनेसाठी असते, तो भाग वेगळा.) अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या हूडूतही हाच मायकल रक्षणकर्ता म्हणून पुजला जातो. त्यावर 'गुलामांनी मालकाचाच देव उचलला' असा शेरा कुणी मारला की माझं डोकं फिरतं.

आधी एक गोष्ट. हूडू म्हणजे व्हूडू नव्हे. व्हूडू हा धर्म, त्याची दैवतं वेगळी. हूडू ही अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या माणसांची मुळ्या, ताईत, तोडगे आणि प्रार्थना यांची विद्या, आणि ती करणारे बरेचसे रविवारी बॅप्टिस्ट चर्चमध्ये जाणारे. बॅप्टिस्टांना संतांची पूजा चालत नाही. पण मायकल थेट बायबलातच आहे: दानीएलच्या पुस्तकात आहे, प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात तर अजगराशी लढतोय. त्याचा धावा करायला कॅथलिक व्हावं लागत नाही. 91वं स्तोत्र म्हणायचं, घराच्या रक्षणासाठी अँजेलिकाची मुळी जवळ ठेवायची. या मुळीला तिथे 'आर्चएंजल रूट' असंही म्हणतात आणि ती बायका-मुलांच्या रक्षणासाठी विशेष मानतात. आपल्याकडे दारावर लिंबू-मिरची, तर न्यू ऑर्लिन्समध्ये उंबऱ्यावर लाल विटेची भुकटी.

न्यू ऑर्लिन्समध्येच 1920च्या सुमारास लीफी अँडरसन या बाई शिकागोहून आल्या आणि त्यांनी मृतात्म्यांनाही साद घालणारं स्पिरिच्युअल चर्च उभं केलं. 1927 मध्ये त्या वारल्या, पंथ टिकला. त्या चर्चांमध्ये सेंट मायकलला मान आहेच, आणि त्याच छपराखाली ब्लॅक हॉकही आहे. हा कोण, तर 1832 मध्ये अमेरिकन फौजेशी लढलेला साउक जमातीचा म्होरक्या! स्वर्गातला सेनापती आणि सरकारशी लढलेला आदिवासी योद्धा एकाच ठिकाणी पुजले जातात. ही भोळ्या लोकांची सरमिसळ वाटते का तुम्हाला? मला तर ही पारखून केलेली निवड वाटते.

आणि खरी गंमत पुढे आहे. 1949 मध्ये पोप बाराव्या पायसने मायकलला इटलीच्या पोलिसांचा आश्रयदाता ठरवलं. अमेरिकेतही कितीतरी पोलीस त्याचं पदक गळ्यात घालतात. म्हणजे रात्री गाडी थांबवणाऱ्याच्या गळ्यात मायकल, आणि थांबवलेल्या पोराच्या आईने घरी लावलेल्या लाल मेणबत्तीवरही मायकलच. हूडूच्या दुकानांत 'लॉ स्टे अवे' नावाचं तेल मिळतं, कायदा दूर राहावा म्हणून. ज्यांना शतकानुशतकं कायद्यानेच छळलं, त्यांनी स्वर्गातल्या फौजेकडे दाद मागितली तर नवल काय? 2020 मध्ये अमेरिकन पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा जीव घेतल्यावर ब्रिटनमध्ये सेंट मायकल आणि सेंट जॉर्ज यांच्या सन्मानचिन्हावर आक्षेप घेतला गेला: गोरा देवदूत, त्याच्या पायाखाली सावळा सैतान. आक्षेप रास्तच होता. पण चित्रकाराने सैतान कुठल्याही रंगात रंगवो, मेणबत्ती लावणाऱ्या बाईला आपला सैतान कोण हे नीट ठाऊक असतं.

मला खटकतो तो आजचा ऑनलाइन बाजार. धंदा जुनाच आहे म्हणा, टपालाने तेलं-पुड्या विकणारे शंभर वर्षांपूर्वीही होते. पण तेव्हाचं गिऱ्हाईक निदान स्तोत्र म्हणायचं. आता 'मायकल एनर्जी'च्या नावाने तीच मुळी विकताना बायबलही गायब आणि काळा माणूसही गायब.