होल्ड केलंय कोणी?

उबुंटू लिनक्सवर सॉफ्टवेअरची पॅकेजेस टाकणारं एपीटी म्हणतं, 'यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस', म्हणजे मोडकी पॅकेजेस तू अडवून ठेवलीस. कोणी होल्ड केलीत? मी? अडवलेल्यांची यादी दाखवणारी एपीटी-मार्क शोहोल्ड कमांड मारून बघितली, एक ओळ आली नाही. तरी आरोप माझ्यावरच!

उबुंटू २२.०४ वरून २४.०४. रविवारी अंबडच्या वर्कशॉपमधलं मशीन अपग्रेड केलं, व्यवस्थित रीबूट झालं. सोमवारी सकाळी बिलिंगचं सॉफ्टवेअर गायब. अपग्रेडने परस्पर काढून टाकलेलं. त्याची डेब (इन्स्टॉल करायची) फाइल होती, ती परत टाकायला घेतली, तर म्हणे लिबवेबकिट२जीटीके-४.०-३७ ही वेब पानं दाखवणारी लायब्ररी पाहिजे आणि ती 'नॉट इन्स्टॉलेबल'. बाहेर चाकणला जाणारा टेम्पो भरून उभा. ड्रायव्हर सारखा दारात येऊन विचारतोय, "दादा, बिल झालं का?" काका काही बोलत नाहीत, नुसते बघतायत. ते जास्त लागतं.

२४.०४ मध्ये या लायब्ररीची ४.० काढून टाकली, ४.१ ठेवली. दोन्हींत फरक काय, तर खालची लिबसूप (नेटवर्कची लायब्ररी) २ ची ३ झाली. पण बिलिंगवाल्याने ४.० ठोकून ठेवलीय आणि नवीन बिल्ड काढायचं नाव नाही. फोन केला तर, "सर, विंडोज टाकून घ्या ना." अरे, विकताना लिनक्सवर चालतं म्हणाला होतास!

आणि एपीटी! खरं कारण मधल्या कुठल्यातरी ओळीत पुरलेलं, आणि सगळ्यात शेवटी, ठसठशीत, ते होल्डचं खोटं. एकमेकांवर अवलंबून पॅकेजेसची साखळी लांब असली की हाल विचारू नका. 'इज नॉट गोइंग टू बी इन्स्टॉल्ड'. का नाही होणार? कोणाला काय लागतं ते जुळवणाऱ्या सॉल्व्हरला माहीत असतं ना, मग सांगायला काय होतं? एकेक नाव घेऊन आपणच खाली उतरत जायचं.

त्यात ते टी६४. लिबएसएसएल३ लायब्ररीच्या पॅकेजचं नाव लिबएसएसएल३टी६४ झालं, कारण २०३८ साली ३२ बिटांतला वेळेचा आकडा ओव्हरफ्लो होणार. काम गरजेचंच होतं, मान्य. पण माझ्या ६४-बिट पीसीवर वेळ पहिल्यापासून ६४ बिटांतच आहे! इथे फक्त नावं बदलली, आणि जुन्या पीपीएतली (उबुंटूबाहेरच्यांच्या साठ्यातली) पॅकेजेस त्या नावांवरून भांडत बसली.

मागच्या अपग्रेडला फायरफॉक्स स्नॅप (बाकी सिस्टिमपासून वेगळं, बंदिस्त पॅकेज) झाला आणि टेंडरच्या डिजिटल सहीचं टोकन त्याला दिसेना. एपीटीने फायरफॉक्स मागितला तरी स्नॅपच माथी मारतात. आता पिपने (पायथनची पॅकेजेस टाकणारं) काही टाकायला जावं तर 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट', म्हणजे इथे हात लावू नका. मशीन माझं, पासवर्ड माझा!

'फ्रेश इन्स्टॉल कर' म्हणणाऱ्यांनी तर समोरच येऊ नये. चालू ऑफिसातलं मशीन आहे, त्यावर प्रिंटर आहे, वर्षांचा हिशोब आहे.

टेम्पो दुपारी सुटला, तोही काकांनी बिलबुकात हाताने बिल लिहिलं आणि ई-वे बिल मी मोबाइलवरून काढलं म्हणून. सॉफ्टवेअर अजून बंदच आहे. ४.१ वरची बिल्ड हातात पडल्याशिवाय त्या बिलिंगवाल्याला एएमसीचा (वार्षिक देखभालीचा) एक रुपया देणार नाही.