‘रविवारी शिका, सोमवारी कमवा’: फेशियलच्या त्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस पुण्यातल्या बचत गटांच्या, सोसायट्यांच्या आणि भिशीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. मथळा, ‘भगिनींनो, क्लासवाल्यांना फसू नका’. सार असं: फेशियल म्हणजे पाच पायऱ्या, क्लीन्सिंग, स्क्रब, वाफ, मसाज आणि पॅक. मोबाइलवर व्हिडिओ बघा, तुळशीबागेतून किट आणा, रविवारी शिका, सोमवारपासून कमवा. खाली टिपा आहेत. वाफेने रंध्रं उघडा, ब्लॅकहेड्स मुळासकट दाबून काढा, मग बर्फाने रंध्रं बंद करा. लिंबू-सोडा वापरा, नैसर्गिक असल्याने अपाय नाही. चुरचुरलं म्हणजे काम करतंय. गोल्ड फेशियल ठेवा, सोनं त्वचेत मुरतं. उजळपणा हवा असेल तर ऑनलाइन पील (कातडीचा वरचा थर सोलणारं अ‍ॅसिड) मागवा. सर्टिफिकेट हा नुसता कागद.

मी कोथरूडला हेच शिकवते. त्यामुळे ‘हिच्या पोटावर पाय येतोय म्हणून ही बोलतेय’ असं कुणाला वाटलं तर खुशाल वाटू दे. मेसेजमधलं एक मला मान्यच आहे, हाताचं काम फार अवघड नाही. कपाळावरून कानशिलाकडे, हनुवटीवरून कानाकडे, डोळ्यांभोवती अनामिकेने, कारण त्या बोटाचा जोर कमी पडतो. पोळ्या लाटणाऱ्या हाताला हे स्ट्रोक चटकन बसतात. वेळ लागतो तो समोरच्या चेहऱ्यावर आज काय करायचं नाही, हे ओळखायला. मेसेजने नेमकं तेवढंच गाळलंय.

‘फेशियल म्हणजे पाच पायऱ्या’

या पाचही पायऱ्या क्लाएंट आडवी झाल्यानंतरच्या आहेत. खरं काम ती बसलेली असताना सुरू होतं. हेडबँड बांधायच्या आधी तिला खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात बसवायचं. पार्लरच्या झगझगीत दिव्याखाली हलकी लाली आणि फिकट वांग दोन्ही हुकतात. मेकअप पुसायचा. बोटांच्या मागच्या बाजूने गाल, कपाळ, नाकाची कड चाचपायची. कुठे तेलकट आहे, कुठे खरखरीत, कुठे नुसत्या स्पर्शाने लाल होतंय.

मग विचारायचं. पिंपल्ससाठी गोळ्या चालू आहेत का? आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्या मुलीची कातडी इतकी नाजूक झालेली असते की वॅक्सच्या पट्टीबरोबर सोलून निघू शकते. तिला स्क्रब नको, पील तर नकोच. दिवस गेलेत का? पेसमेकर आहे का? असेल तर चेहऱ्यावर सौम्य वीजप्रवाह सोडणारं गॅल्व्हॅनिक मशीन लांब ठेवायचं. ओठाच्या कडेला ‘जर’, म्हणजे विषाणूमुळे येणारे पाणीदार फोड, उठली आहे का? असेल तर आज फेशियल नाही. तो विषाणू तुमच्या बोटांवरून आणि स्पंजवरून तिच्याच चेहऱ्यावर पसरतो आणि पुढच्या क्लाएंटपर्यंतही पोचतो.

सगळ्यात कामाचा प्रश्न मात्र असा: ‘घरी कुठली ट्यूब लावता? फोटो दाखवा.’ नुसतं ‘क्रीम लावता का’ विचारलं की उत्तर येतं, ‘काही नाही हो, साधी गोरं व्हायची.’ त्या साध्या ट्यूबवर बारीक अक्षरात मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलेलं असतं. ही स्टेरॉइड्स. जावेने सांगितलेली, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली. सुरुवातीला चेहरा खरंच उजळतो. मग कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, लव वाढते, उन्हात गेलं की आग होते आणि क्रीम थांबवलं की सगळं दुप्पट उसळून येतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइड्स शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. तरी ट्यूब मिळतेच. लेबल नसलेली डबी असेल तर त्याहून वाईट. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये गोरं करणाऱ्या क्रीममधल्या पाऱ्यामुळे मूत्रपिंडं बिघडल्याची प्रकरणं पुढे आली होती.

अशा चेहऱ्याला स्क्रब आणि वाफ दिल्यावर काय होतं, ते व्हिडिओत दिसत नाही. व्हिडिओतल्या मुलीचा चेहरा आधीच चकचकीत असतो. अशी क्लाएंट आली की हात लावायचा नाही, त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवायचं. ‘आजपासून क्रीम बंद करा’ असंही आपण सांगायचं नाही, ते डॉक्टरच ठरवतील. हे बोलायला जीभ रेटत नाही, कारण त्या दिवशीची कमाई उठून दाराबाहेर चालू लागलेली असते. सोमवारीच कमवायला बसलेल्या मुलीची तर मुळीच रेटणार नाही.

‘वाफेने रंध्रं उघडतात, बर्फाने बंद होतात’

उघडझाप करायला स्नायू लागतो आणि रंध्रांना तो नसतो. वाफेने होतं ते इतकंच की मृत पेशींचा वरचा थर पाणी शोषून मऊ होतो आणि साचलेलं तेल सैल पडतं. त्यामुळे ब्लॅकहेड कमी जोरात निघतो. त्याला पाच ते सात मिनिटं पुरतात, तीही स्टीमर हातभर लांब ठेवून. पातेल्यावर टॉवेल पांघरून पाऊण तास घाम गाळला तर वाढीव मिळते ती फक्त लाली. ज्या बाईला वांग आहेत तिच्या बाबतीत तर वाफ टाळलेलीच बरी. उष्णतेने वांग गडद होऊ शकतात.

बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात, सूज उतरते, चेहरा ताठ वाटतो. कापडात गुंडाळून फिरवा, बिघडत नाही. फक्त बंद काही होत नाही.

‘ब्लॅकहेड्स मुळासकट दाबून काढा’

ब्लॅकहेडचा काळेपणा मळाचा नसतो. तेल आणि मृत पेशींचं बूच वरच्या तोंडाशी उघडं असतं, तिथे हवा लागून आणि त्यातल्या मेलॅनिनमुळे ते काळं पडतं. घासून ते जात नाही. शिवाय नाकावर आरशात दिसणारे ते बारीक करडे ठिपके, ज्यांच्यासाठी कॉलेजच्या मुली हवालदिल होऊन येतात, ते बहुतेक वेळा ब्लॅकहेड नसतातच. ग्रंथीतलं तेल वर आणणाऱ्या नळीतला तो नेहमीचा भरणा आहे. काढला तर काही आठवड्यांत पुन्हा भरतो. हे क्लाएंटला आधीच सांगून टाकावं, म्हणजे ‘मागच्या वेळी नीट काढलंच नाही तुम्ही’ हे ऐकावं लागत नाही.

जे खरोखर काढायचं, ते असं. दोन्ही तर्जनींना टिश्यू गुंडाळायचा, बोटं ब्लॅकहेडच्या अगदी टोकाशी न ठेवता थोडी बाजूला ठेवायची, आधी खाली आणि मग आत दाबायचं. दोनदा करून निघालं नाही तर सोडून द्यायचं. तिसऱ्यांदा दाबलं की आतली भिंत फुटते आणि आतला माल खोल पसरतो. लाल, दुखऱ्या, पू धरलेल्या पुळीला तर हात लावायचाच नाही, नाक आणि वरच्या ओठाच्या पट्ट्यात विशेषकरून. तिथल्या शिरांचा संबंध मेंदूलगतच्या शिरांशी आहे. तिथला संसर्ग आत जाणं दुर्मीळ, पण गेला तर जिवावर बेततं.

आपल्याकडच्या सावळ्या, गव्हाळ कातडीचा आणखी एक स्वभाव आहे. तिला जरा दुखापत झाली की ती तिथे डाग धरते. पुळी आठवड्यात बसते, डाग कित्येक महिने राहतो. परदेशी व्हिडिओत गोऱ्या गालावर लाली येऊन तासाभरात जाते. तेच दाबणं इथे तपकिरी ठिपका होऊन मागे उरतं. व्हिडिओ बघून शिकण्यातली ही सगळ्यात मोठी फसगत आहे.

‘लिंबू-सोडा नैसर्गिक, अपाय नाही’

बिब्बाही झाडालाच लागतो. तो चेहऱ्याला लावून बघा म्हटलं तर आजीसुद्धा काठी उगारेल.

पीएच हे आम्लता मोजायचं माप, अंक जितका कमी तितकं आम्ल तीव्र. त्वचेचा पीएच साधारण पाचच्या आसपास, किंचित आम्ल. लिंबाच्या रसाचा दोनच्या आसपास. पीएचमध्ये एका अंकाचा फरक म्हणजे दहा पट, त्यामुळे तीन अंकांचा फरक म्हणजे हजार पट आम्ल. त्यावर सोडा फासला की गाडी उलट्या टोकाला, आठच्या पुढे. दोन्हीकडून मार खातो तो कातडीवरचा संरक्षक थर. पण कागदी लिंबाचा खरा दगा वेगळाच आहे. त्यात अशी द्रव्यं असतात की रस लागलेल्या जागी ऊन पडलं तर कातडी भाजते, फोड येतात आणि मागे तपकिरी डाग राहतो. आता पुण्याचा हिशोब मांडा. दुपारी बाराला लिंबू लावून चेहरा जेमतेम धुतलेली मुलगी स्कूटर काढते आणि कर्वे रोडच्या सिग्नलला एप्रिलच्या उन्हात उभी राहते.

जाता जाता आपल्या स्कार्फबद्दलही. नुकत्याच स्क्रब केलेल्या चेहऱ्यावर आठवडाभर न धुतलेला स्कार्फ करकचून बांधला की धूळ अडते, पण घासून आणि घामाने हनुवटीवर पुटकुळ्या येतात. फेशियल दोन हजारांचं असो की दोनशेचं, स्कार्फ धुवा आणि सनस्क्रीन लावल्याशिवाय क्लाएंटला दाराबाहेर सोडू नका.

‘चुरचुरलं म्हणजे काम करतंय’

चुरचुरणं ही कातडीची तक्रार असते. ब्लीचमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया असतो. त्याने लव फिकी होते आणि चेहरा उजळल्यासारखा दिसतो. आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून पॅच टेस्ट करायची आणि २४ ते ४८ तास वाट बघायची. लग्नसराईत दर वर्षी एक तरी नवरी अशी येते की उद्या हळद आणि आज आयुष्यातलं पहिलं ब्लीच. तिला नाहीच म्हणायचं. सोबत आलेली आई ‘पैसे देतोय ना आम्ही’ म्हणते, मावशी शेजारच्या पार्लरचं नाव घेते. तरी नाही. साधं क्लीन-अप, हलका मसाज, थंड पॅक आणि घरी जाऊन झोप.

‘सोनं त्वचेत मुरतं’

मुरत नाही. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) मोठा रेणू धडधाकट कातडीतून आत जात नाही, असा ठोकताळा २००० साली मांडला गेला आणि आजही तो वापरला जातो. कोलॅजेनचा रेणू सुमारे तीन लाख डाल्टनचा, मग सोन्याच्या वर्खाचं काय बोलायचं! फेशियलनंतरची चमक खोटी नसते. मृत पेशी निघतात, मसाजने रक्तपुरवठा वाढतो, क्रीमने ओलावा धरतो. एक-दोन दिवस चेहरा छान दिसतो. कोणी त्यासाठी हौसेने गोल्ड मागितलं तर मी करते, वास छान असतो त्याचा. फक्त ‘आत मुरतं’ म्हणून पैसे घेत नाही.

‘ऑनलाइन पील मागवा’

पीलमध्ये वापरतात त्या ग्लायकोलिक अ‍ॅसिडबद्दल अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने घालून दिलेली मर्यादा अशी: घरी वापरायच्या उत्पादनात १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३.५ च्या खाली नको. सलूनमध्ये प्रशिक्षित हाताने, थोडा वेळ लावून धुवायचं असेल तर ३० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३ च्या खाली नको. ऑनलाइन ७० टक्क्यांची बाटली कोणीही मागवू शकतं. ते डॉक्टरांचं काम आहे. ग्लायकोलिक आपोआप थांबत नाही, वेळेवर निष्प्रभ केलं नाही तर ते आत शिरतच राहतं. बाटली आणली असेल तर उघडू नका.

मेसेजमध्ये नसलेलं

अख्ख्या मेसेजमध्ये स्वच्छतेवर एक ओळ नाही. ब्लॅकहेडची सुई डेटॉलच्या पाण्यात बुडवून पुढच्या चेहऱ्याला लावणं सर्रास चालतं. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा, किमान सात दिवस तग धरतो. टोचणारी वस्तू एकदा वापरून फेकायची. धातूची अवजारं आधी साबणाने घासायची, मग ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र, १२१ अंशांवर १५ मिनिटं. स्पिरिट ७० टक्क्यांचं घ्या. ९९ टक्क्यांचं भरकन उडून जातं आणि जंतू मारायला जे पाणी लागतं ते त्यात नसतं. निळ्या दिव्याची पेटी निर्जंतुक केलेलं तसंच ठेवायला आहे, घाण अवजार स्वच्छ करायला नाही. आणि स्पंज? माणशी एक.

‘सर्टिफिकेट नुसता कागद’

पुष्कळदा असतो. दोन दिवसांत डिप्लोमा देणाऱ्या पाट्या मीही वाचते आणि फिया ऐकून मलाही घाम फुटतो. ज्या बाईला घर चालवायचंय तिचा राग मला कळतो. पण दोन दिवसांचा कोर्स वाईट म्हणून एक दिवसाचा चांगला, हा कुठला न्याय? १९४६ पासून चालत आलेल्या सिडेस्को या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ब्युटी थेरपी डिप्लोमाला १२०० तास लागतात. इतकं सगळ्यांना परवडणार नाही, गरजही नाही. क्लास निवडताना फी विचारायच्या आधी विचारा: कन्सल्टेशन कार्ड, म्हणजे क्लाएंटच्या त्वचेची आणि औषधांची माहिती लिहायचं कार्ड, भरायला शिकवता का? वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या कातडीच्या खऱ्या चेहऱ्यांवर हात बसवून घेता का, की एकमेकींवरच? बॅच चालू असताना कोपऱ्यात उभं राहून बघा, बाई स्पंज फेकतात की पिळून ठेवतात.

पैशांची अडचण असेल तर सरकारी आयटीआय आहे. एक वर्षाचा कोर्स, फी खासगी क्लासच्या मानाने किरकोळ, दहावी पास लागते, अर्ज व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन. यादीत ट्रेडचं नाव ‘कॉस्मेटॉलॉजी’ असं असतं, ब्युटी पार्लर असं शोधू नका.