दहा शून्यांचा ब्रश

माझ्याकडे सध्या तेवीस ब्रश आहेत आणि त्यांतल्या बावीस जणांना टोक नाही. तेविसाव्याला मी घरात कुणाला हात लावू देत नाही.

हे सगळं रंगवायला आणलेल्या एका चिमुकल्या घोडेस्वाराच्या पुतळ्यामुळे झालं. १:७२ प्रमाणातला, म्हणजे पावणेसहा फुटी माणूस २४ मिलिमीटरमध्ये बसवलेला. त्यातही तो साधा शिपाई असता तर निभावलं असतं. हा निघाला नेपोलियनच्या काळातला हुसार. हुसार ही घोडदळातली नटवी मंडळी. छातीवर आडव्या गोफांच्या रांगा, गोफांच्या टोकांना बटणं, एका खांद्यावर फरच्या काठाचा दुसरा डगला नुसताच लटकवलेला, आणि वर मिशा. हा गणवेश ज्याने ठरवला त्याला शत्रूवर छाप पाडायची होती. दोनशे वर्षांनी कुणीतरी चष्म्यावर भिंग चढवून तो रंगवायला बसेल, हे त्याच्या गावीही नसणार.

हिशेब करून पाहिला. खऱ्या डगल्यावरचा १ सेंटिमीटर जाडीचा गोफ माझ्या हुसारच्या छातीवर ०.१४ मिलिमीटरचा होतो. डोक्यावरचे दोन केस शेजारी शेजारी ठेवले की झाला गोफ. डोळा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ०.४ मिलिमीटर, आणि त्यात पांढरं, त्यात काळं. असे डोळे दोन, आणि ते एकाच दिशेला बघायला हवेत.

रेघ बारीक तर ब्रश बारीक, असं मी सरळ गणित मांडलं. ते चुकलंय हे कळायला मला दोन वर्षं लागली.

ब्रशच्या नंबरांचं शास्त्र वेगळंच आहे. ३, २, १, ० असे ते उतरत येतात. आपल्याला वाटतं शून्याला संपलं. पण शून्यानंतर दोन शून्यं येतात, मग तीन, आणि दर शून्यागणिक ब्रश वाळत जातो. पुढे दांड्यावर शून्यं मावेनाशी होतात म्हणून ५/०, १०/० असं लिहितात. बरं, हे नंबर सगळ्या कंपन्यांनी एकत्र बसून ठरवलेत असंही नाही. एकाचा ३/० दुसऱ्याच्या ० शेजारी ठेवला तर सख्खे भाऊ वाटतात. मला हे माहीत नसल्यामुळे एकाच जाडीचे चार ब्रश मी चार वेगवेगळ्या नंबरांखाली घेतले आणि चौघांना क्रमाने लावून ठेवलं.

शेवटी १०/० मागवला. डबी उघडली तेव्हा वाटलं, चुकून नुसता दांडाच पाठवलाय. उजेडात धरल्यावर टोकाला पापणीचे चार केस असावेत तसं काहीतरी दिसलं. मला भरून आलं. आता हुसारची खैर नाही, असं मी मोठ्याने म्हणालोसुद्धा.

ब्रश रंगात टेकवला, हुसारच्या छातीवर टेकवला. काही उमटलं नाही. पुन्हा टेकवला, पुन्हा काही नाही. रंग आणि हुसार यांच्यात जेमतेम वीतभर अंतर, पण ॲक्रिलिक रंग तेवढ्या प्रवासात वाळून जात होता. एवढ्याशा थेंबात पाणी असतं किती? हवेला लागलं की उडालं. मग मी रंग जास्त घेतला, तर छातीवर गोफाऐवजी गोळी लागल्यासारखा पिवळा ठिपका. रंगात पाणी वाढवलं, तर तो गोफाच्या रेघेवर न थांबता शेजारच्या खाचेतून वाहत कमरेपर्यंत गेला. तासाभरात हुसार कावीळ झाल्यासारखा दिसू लागला.

ब्रशचं पोट म्हणून एक प्रकार असतो, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. केस जिथे धातूच्या नळीतून बाहेर येतात त्याच्या जरा पुढे ते फुगीर असतात. रंग साठतो तो त्या फुगवट्यात. केसांच्या मधल्या फटींतून तो आपोआप टोकाकडे झिरपत राहतो, आणि टोक फक्त हिशेबाने खर्च करतं. पोट भरलेलं असेल तर एका दमात लांब रेघ निघते. दहा शून्यांच्या ब्रशचं हातावर पोट आहे म्हणावं, तर त्याला मुळात पोटच नाही. तो दर घासाला रंगाच्या थेंबापाशी येऊन उभा.

पण हे ज्ञान नंतरचं. त्या वेळी मला वाटलं, ब्रशच वाईट निघाला. म्हणून दुसरा आणला. मग तिसरा.

सिंथेटिक केसांचे ब्रश पहिल्या दिवशी सुईसारखे असतात. आठवड्याभरात त्यांच्या टोकाला आकडा येतो, आणि हा आकडा नेमका रेघेकडे पाठ करून बसतो. कढत पाण्यात बुडवून बोटांनी ओढला की तो सरळ होतो, पण एका संध्याकाळपुरता. खोड मोडत नाही. माझ्याकडे असे सहा आकडे आहेत. त्यांचा पडदा टांगायला काही उपयोग होईल का, हे मी पाहून झालंय.

मग कुणीतरी म्हणालं, लांब रेघांना रिगर वापर. शिडाच्या जहाजांच्या चित्रांत ते दोरखंड काढण्यासाठी हा लांबलचक केसांचा ब्रश, नावही तिथूनच पडलेलं. जहाजाला तो उत्तमच असेल. पण हुसार डोक्यापासून बुटापर्यंत २४ मिलिमीटर आणि रिगरचे केस २० मिलिमीटर. मी हुसारला रंगवतोय की त्याला शेपटीने वारा घालतोय, हे बघणाऱ्याला कळलं नसतं. हात किंचित हलला की टोक मागाहून, सावकाश, स्वतःच्या मर्जीने हलायचं. रेघ पूर्ण होईपर्यंत ती कुठे जाणार हे आम्हा दोघांनाही माहीत नसायचं.

नवा ब्रश दुकानात टोकदार दिसतो यालाही अर्थ नाही. केसांना डिंक लावून टोक बसवलेलं असतं. खरं रूप पाहायचं तर तो डिंक धुऊन काढायचा, पाण्यात बुडवून मनगटाला एक झटका द्यायचा, आणि केस आपणहून एका टोकाला येतात का ते बघायचं. हे कळल्यावर मी दुकानात पाण्याची वाटी मागून घेतली आणि असा झोकदार झटका दिला, की शेजारी उभ्या गृहस्थांनी चष्मा काढून शांतपणे पुसला. ब्रशचे केस दोन टोकांत फाटले होते. तरीही तो मी घेतला. गृहस्थ बघत होते.

टोक काढायला मी ब्रश ओठांत धरून ओढायचो. सवयच लागली होती. मग वाचनात आलं की अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकणारा रंग लावणाऱ्या तरुण मुलींना असंच ओठांनी टोक काढायला शिकवलं होतं, आणि १९२०च्या दशकात त्यांतल्या कितीतरी जणी त्यापायी गेल्या. माझ्या रंगांत रेडियम नाही. पण काही रंगांत कॅडमियम असतं, कोबाल्ट असतं. तेव्हापासून टोक मी अंगठ्याच्या पाठीवर काढतो. ब्रश आडवा धरायचा आणि गोल फिरवत अलगद मागे ओढायचा. अंगठा कायम रंगीत असतो आणि लोक विचारतात, मतदान कधी झालं?

उलगडा झाला तो आईमुळे, आणि तिला तो झाल्याचं अजून माहीत नाही. तिने मला सुईत दोरा ओवायला हाक मारली. "तू बारीक कामाचा माणूस, तूच ओव." मी भिंग लावून पाच मिनिटं झटलो. दोऱ्याचं टोक पिसारलेलं, एक तंतू नेढ्यात आणि तीन बाहेर. मी म्हणालो, "आई, दोरा जाड आहे. बारीक दोरा नाही का?"

"दोऱ्याला काय झालंय? टोक बघ की त्याचं." तिने सुई काढून घेतली, दोरा तिरपा कापला, बोटांत पिळला आणि चष्मा न लावता ओवला. वर म्हणाली, "दिवसभर काय करत असतोस रे त्या टेबलावर?"

मी परत टेबलाशी गेलो आणि बावीस ब्रश नव्याने तपासले. सगळे बारीक, आणि सगळे पिसारलेले. कारण मी प्रत्येकाला गळ्यापर्यंत रंगात बुचकळत होतो. रंग धातूच्या नळीत शिरून तिथेच वाळतो, केसांना आतून फाकवतो, आणि मग जगातला कुठलाही साबण त्यांना एकत्र आणू शकत नाही. केसांच्या जेमतेम अर्ध्यापर्यंत रंग लावायचा, हा एवढाच नियम. मी ब्रशमागून ब्रश बुडवून मारले होते आणि दोष त्यांच्या नंबराला देत होतो.

मग मी उलट्या दिशेने निघालो. १ नंबरचा कोलिन्स्की सेबल आणला. नावात सेबल असलं तरी त्यात सेबल नावाच्या प्राण्याचा केसही नसतो. सायबेरियातल्या वीझल जातीच्या लांबुडक्या प्राण्याच्या शेपटीचे हे केस. दर केस मुळातच टोकाकडे निमुळता होत गेलेला. ब्रश बांधणारे कारागीर ती टोकं कापत नाहीत, केस रचून रचूनच एका बिंदूला आणतात. १८६६ साली व्हिक्टोरिया राणीने विन्सर अँड न्यूटन या रंगसाहित्याच्या कंपनीला जलरंगांसाठी सर्वोत्तम ब्रश बनवायला सांगितले, तेव्हा ते याच केसांचे बनले. चांदीची नळी, हस्तिदंती दांडा. आणि राणीचा आवडता नंबर कुठला? ७. चांगला गुबगुबीत, पोट सुटलेला ७ नंबर. सगळ्या साम्राज्याची मालकीण सातावर समाधानी होती, आणि मी दहाव्या शून्यापर्यंत उतरून अंधारात चाचपडत होतो.

तर हा जाडा गडी. रंग पातळ दुधाइतका. ब्रश अर्धा भिजवला, जादा रंग कागदावर टिपला, अंगठ्यावर फिरवून टोक काढलं. दोन्ही मनगटं टेबलाच्या कडेला टेकवली, श्वास सोडला आणि पुढचा घेण्याआधी रेघ ओढली. (घरातल्या सर्व महत्त्वाच्या प्रश्नांची उत्तरं मला नेमकी याच वेळी विचारली जातात.) रेघ आली. जरा जाड आली, पण अखंड आली. मग दुसरी युक्ती, जी मला आधीच सुचायला हवी होती. गोफ बारीक काढायचाच नाही. तो जाडच काढायचा आणि डगल्याचा निळा रंग घेऊन वरून-खालून कातरत आणायचा, हवा तेवढा उरेपर्यंत. डोळ्यांचंही तसंच. बाहुलीचं टिंब काढलं तर हुसार भूत पाहिल्यासारखा डोळे वटारतो. वरच्या पापणीपासून खालच्या पापणीपर्यंत उभी रेघच ओढायची, म्हणजे तो माणसासारखा बघतो. माझा जरा डावीकडे बघतो. शत्रू तिकडूनच येतोय असं मी ठरवलंय.

सात संध्याकाळी लागल्या. पूर्ण झालेला हुसार मी आईच्या तळहातावर ठेवला. तिने चष्मा लावला, खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिला.

"मिशी छान जमलीय," ती म्हणाली. "घोडा कुठाय याचा?"

घोडा खोक्यात आहे. त्याला लगाम आहे, खोगिराखालच्या कापडाला दुहेरी किनार आहे, आणि त्याच खोक्यात आणखी अकरा घोडे आहेत आणि अकरा हुसार. हे मी तिला सांगितलं नाही. विषय बदलायला म्हणून विचारलं, शिवणयंत्रातली धूळ झाडायला एखादा जुना ब्रश हवाय का? तिला माझा दहा शून्यांचा दिला. तिने बॉबिनच्या घरात दोनदा फिरवला आणि परत केला.

"हा अगदीच मरतुकडा आहे रे. याच्याने काही निघत नाही. जरा जाड दे ना, चांगल्या टोकाचा."

आणि ती टेबलावर बघत होती, तेविसाव्याकडे.